वाचक विचारतात : पुलाला चिकटवलेली चकती नेमकं काय ऐकते?

मागच्या अंकात जुन्या पुलांवर लिहिताना मी सहज एक वाक्य टाकलं होतं, की आपल्या गॅस लायटरमध्ये जी वस्तू असते तिचीच चुलत बहीण आता पुलांना चिकटवतात आणि ती आतल्या क्रॅकची खबर देते. अख्ख्या लेखावर आली नसतील तेवढी पत्रं आणि मेसेज त्या एका वाक्यावर आले, म्हणून हा महिना त्यालाच देऊन टाकला. एकाच अर्थाची चार पत्रं असतील तिथं एक घेतलंय, बाकीच्यांनी राग मानू नका.

प्रश्न : गॅस लायटर आणि पूल? तुम्ही चेष्टा करताय असंच वाटलं. नीट समजावून सांगाल का? (शिक्षिका, नाशिक)

चेष्टा नाही हो ताई. लायटरचं बटण दाबताना आधी जरा जड जातं आणि मग एकदम 'टक्' होतं ना, तेव्हा आत स्प्रिंगवर ताणलेली एक बारकी हातोडी सुटते आणि सिरॅमिकच्या छोट्याशा तुकड्यावर आपटते. त्या फटक्यानं तुकड्याच्या दोन टोकांमध्ये काही हजार व्होल्ट तयार होतात आणि ठिणगी उडते. सेल नाही, चार्जिंग नाही, वर्षानुवर्षं चालतो. दाबलं की वीज, पिएझो म्हणजे एवढंच. शब्द ग्रीक आहे, अर्थ 'दाबणं'.

१८८० साली पॅरिसमध्ये जाक आणि प्येर क्युरी या दोन भावांनी हे क्वार्ट्झ, टुर्मलिन असल्या स्फटिकांवर दाखवलं, अगदी साखरेच्या स्फटिकावर सुद्धा. (प्येर म्हणजे मेरी क्युरींचे मिस्टर, पण तेव्हा लग्न व्हायचं होतं.) दुसऱ्याच वर्षी लिपमन या शास्त्रज्ञांनी कागदावर गणित मांडून सांगितलं की उलटंही व्हायला पाहिजे, म्हणजे वीज दिली तर स्फटिक हलला पाहिजे, आणि क्युरी बंधूंनी ते करून दाखवलं. हा उलटा भाग लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गंमत त्यातच आहे. एकच तुकडा तोंड पण होतो आणि कान पण. सोनोग्राफीला पोटावर जेल लावून जो प्रोब फिरवतात तो हेच करतो, स्वतःच आवाज सोडतो आणि स्वतःच परत आलेला ऐकतो. मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळात सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा स्फटिक पण ह्याच खानदानातला.

पुलासाठी वापरतात ते बहुतेक वेळा पीझेडटी, म्हणजे शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांचं सिरॅमिक, जे १९५० च्या दशकात आलं आणि क्वार्ट्झपेक्षा शंभरपटीनं जास्त जागरूक निघालं. माझ्या टेबलावर आत्ता त्याचा एक पॅच, म्हणजे चिकटवायचा चपटा तुकडा, पडलाय, दहा बाय दहा मिलिमीटर, जाडी मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. रंग पोह्याच्या पापडाचा आणि स्वभाव पण पापडाचाच, नखानं वाकवायला गेलात की मोडला.

प्रश्न : आमच्या बिल्डिंगला ३४ वर्षं झाली. ऑडिटवाले आले, कॉलमच्या दोन्ही बाजूंना ग्रीस लावून दोन डबे धरले, आकडे लिहून घेतले आणि रिपोर्टमध्ये 'मध्यम' लिहून गेले. हे तेच पिएझो का? आणि आता एक कंपनी म्हणते कायमचे सेन्सर बसवून घ्या, मोबाईलवर बिल्डिंगची तब्येत दिसेल. बसवावेत का? (सोसायटीचे सेक्रेटरी, मुलुंड)

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. ते दोन डबे म्हणजे पिएझोचेच ट्रान्सड्यूसर, साधारण ५४ किलोहर्ट्झवर चालणारे. एक डबा कॉलमच्या ह्या बाजूनं आवाज सोडतो, दुसरा त्या बाजूला ऐकतो, मधल्या प्रवासाला किती वेळ लागला तो मशीन मोजतं. ग्रीस कशाला, तर डबा आणि काँक्रीटच्या मध्ये हवा राहू नये म्हणून, सोनोग्राफीला जेल लावतात त्याच कारणानं. समजा कॉलम ३०० मिलिमीटर जाड आहे आणि वेळ आला ७५ मायक्रोसेकंद, तर वेग झाला सेकंदाला ४ किलोमीटर. १९९२ च्या आयएस १३३११ या भारतीय मानकात साडेचारच्या वर उत्तम, साडेतीन ते साडेचार चांगलं, तीन ते साडेतीन मध्यम आणि तीनच्या खाली शंकास्पद असं धरलेलं होतं (२०१८ मध्ये त्याच्या जागी नवं मानक आलं). आत पोकळी असेल, क्रॅक असेल तर आवाजाला वळसा घालून यावं लागतं, वेळ वाढतो, वेग पडतो. इतकं साधं आहे ते.

पण त्या आकड्याला खोड्या आहेत. कॉलम ओला असेल तर वेग जास्त दिसतो, म्हणजे जिथं लीकेज आहे तिथंच रिपोर्ट गोड येऊ शकतो! प्रोबच्या रेषेतच सळई आली तरी वेग वाढतो कारण लोखंडात आवाज काँक्रीटपेक्षा जोरात पळतो. आणि प्लास्टर न काढता वरूनच डबे टेकवले असतील तर मोजलं काय, पोकळ प्लास्टर का कॉलम, कोणाला माहीत. तेव्हा ऑडिटवाल्यांना दोन गोष्टी विचारा, प्लास्टर खरवडलं होतं का आणि हाफ सेल टेस्ट केली का. दुसरीत सळईला वायर जोडून काँक्रीटवर इलेक्ट्रोड ठेवतात आणि व्होल्टेज बघतात, कॉपर सल्फेटच्या इलेक्ट्रोडला उणे ३५० मिलिव्होल्टच्या खाली गेलं तर सळई गंजत असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर धरतात. आपल्याकडच्या बिल्डिंगा बहुतेक गंजानंच मरतात, सळई गंजून फुगते आणि काँक्रीटला आतून ढकलून फोडते.

आता कायमचे सेन्सर. माझं मत विचाराल तर नको, निदान आत्ता नको. मुंबईत ३० वर्षांवरच्या बिल्डिंगला ऑडिट कायद्यानंच आहे, ते तुम्ही केलंत, त्यात जे लिहिलंय ते आधी करा. गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि संडास-बाथरूमचे पाइप. पिएझो पॅच काय सांगतो, तर आधीपेक्षा काय बदललं ते. चांगलं होतं की वाईट हे तो सांगत नाही. ३४ वर्षं गंजलेल्या कॉलमला आज पॅच चिकटवलात तर आजची आजारी अवस्था हीच त्याच्या हिशेबात 'नॉर्मल' होऊन बसते. शिवाय मोबाईलवर तब्येत दिसेल म्हणतात, पण ती बघणार कोण आणि आकडा हलला तर पुढं करायचं काय हे त्या कोटेशनमध्ये कुठं लिहिलंय का बघा. एका सोसायटीत मी स्वतः पाहिलंय, बॉक्स भिंतीवर, लाइट लुकलुकतोय, आणि सिम कार्डचं रिचार्ज संपून सात महिने झालेले.

प्रश्न : २०१६ ला आमचा सावित्रीवरचा पूल रात्रीतून गेला. दोन एसट्या गेल्या. असे सेन्सर असते तर माणसं वाचली असती का? (वाचक, महाड)

ह्या पत्राला उत्तर लिहायला वेळ लागला. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र, ब्रिटिशांच्या काळातला दगडी कमानींचा पूल, नदी तुडुंब. चिकटवायचे पॅच त्या रात्री काही कामाचे नव्हते, हे मी सरळच सांगतो. पॅच दगडाला किंवा काँक्रीटला लावतात आणि तो आसपासचंच ऐकतो, काँक्रीटमध्ये तर जेमतेम हात-दीड हात. पुरात पूल जातो तेव्हा घाला बहुतेक वेळा खालून येतो, पाणी खांबाच्या बुडाची माती-दगड उपसून नेतं आणि वरचा पूल अगदी शेवटपर्यंत धडधाकट दिसतो. खांबाच्या अंगात क्रॅक नसते तर पॅच ऐकणार काय?

तिथं वेगळी साधनं लागतात. पाण्याची पातळी वरून मोजणारा रडार, खांब एका अंशाच्या बारीक हिश्श्यानं कलला तरी सांगणारा टिल्ट सेन्सर, बुडाजवळची खोली मोजणारा सोनार (ह्यात मात्र पुन्हा पिएझोच असतो, पहिल्या महायुद्धात लांजव्हां या फ्रेंच शास्त्रज्ञांनी पाणबुड्या शोधायला क्वार्ट्झ वापरला तेव्हापासूनचं हे नातं). आणि ह्या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे रस्त्याला आडवा पडणारा दांडा. पातळी अमुक खुणेच्या वर गेली की पूल बंद, कोणाला फोन न करता, कोणाची परवानगी न घेता. नवा पूल पुढच्याच वर्षी जूनमध्ये सुरू झाला, तो सहा महिन्यांच्या आत उभा केला त्याचं कौतुक आहेच. पण दांडा लावायला तेवढेही दिवस लागत नाहीत.

प्रश्न : सर, मी सिव्हिलच्या लास्ट इयरला आहे. प्रोजेक्टला काँक्रीट बीमवर पीझेडटी पॅच लावून इम्पीडन्स मेथड करतोय. प्रॉब्लेम असा की बीमला हात न लावता पण रोज ग्राफ हलतो. सर म्हणतात डॅमेज आहे. बीमवर तर अजून लोडच दिला नाही! काय करू? (विद्यार्थी, कराड)

अरे वा, हा खरा प्रश्न. बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो मग तुझ्याकडे येतो.

माठ विकत घेताना आपण काय करतो, बोटाच्या पेरानं टिचकी मारतो. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर कुठंतरी चीर आहे, डोळ्याला दिसो न दिसो. रेल्वेत चाकांवर हातोडी मारत जाणारा माणूस हेच करायचा. इम्पीडन्स मेथड म्हणजे ही टिचकी, फक्त बोटाच्या जागी पॅच आणि टिचकी सेकंदाला हजारोंनी. पॅचला साधारण एक व्होल्टचा एसी द्यायचा आणि त्याची फ्रिक्वेन्सी ३० किलोहर्ट्झपासून ४०० पर्यंत चढवत न्यायची. पॅच थरथरतो, पण तो बीमला चिकटलेला, त्यामुळं बीम त्याला किती मोकळं थरथरू देतो त्यावर पॅचमधून जाणारा करंट ठरतो. म्हणजे पॅचचा करंट मोजून बीमचा आवाज ऐकायचा. ग्राफमध्ये जे शेंडे येतात ती त्या बीमची सही. क्रॅक पडली की सही बदलते. लिआंग, सन आणि रॉजर्स यांनी १९९४ मध्ये हे मांडलं, आपल्याकडे आयआयटी दिल्लीत ह्यावर बरंच काम झालंय.

आता तुझं दुखणं. मला दाट संशय तापमानाचा आहे. सकाळी लॅबमध्ये २४ डिग्री, दुपारी पत्रा तापल्यावर ३४, आणि तू एकदा सकाळी, एकदा दुपारी रीडिंग घेतोस, बरोबर ना? तापमान वाढलं की सगळे शेंडे थोडेथोडे डावीकडे सरकतात, कमी फ्रिक्वेन्सीकडे, जणू कोणी पानच ओढलंय. क्रॅकनं तसं होत नाही, एखादा शेंडा चिरतो, नवा उगवतो, कुठला बसका होतो, आणि हे सगळीकडे सारखं होत नाही. पण तुम्ही सगळे जो आरएमएसडी काढता ना, म्हणजे जुन्या आणि नव्या ग्राफमधल्या फरकांचे वर्ग घेऊन काढलेलं वर्गमूळ, त्याला ह्या दोन्हींतला फरक कळत नाही, त्याला फक्त 'बदललं' एवढंच कळतं. म्हणून पंधरा दिवस बीमला हात न लावता, वेगवेगळ्या तापमानाला ग्राफ घे, शेजारी थर्मामीटर ठेव, आणि मग नवा ग्राफ त्याच तापमानाच्या जुन्या ग्राफशी ताडून बघ. किंवा ग्राफ आधी डावी-उजवीकडे सरकवून जास्तीत जास्त जुळव आणि उरलेल्या फरकावर आरएमएसडी काढ. सरांना हे दोन्ही ग्राफ शेजारी ठेवून दाखव, भांडू नकोस.

दुसरी शंका चिकटवण्याची. काँक्रीटवरची दुधाळी, म्हणजे वरचा कच्चा सिमेंटचा थर, खरवडलीस का? पॉलिश पेपरनं घासून, अॅसिटोननं पुसून, मग इपॉक्सी, आणि इपॉक्सीचा थर जितका पातळ तितका बरा, पॅचच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत. जाड थर लावलास तर पॅचची थरथर त्या लगद्यातच मुरते, बीमपर्यंत जातच नाही. आणि इपॉक्सी पूर्ण वाळायच्या आत बेसलाइन, म्हणजे पुढं ताडून बघायचा पहिला ग्राफ, घेतलीस तर पुढचे काही दिवस ग्राफ हलणारच, कारण गोंद कडक होत जातोय. तू पॅच लावल्यावर कितव्या दिवशी पहिलं रीडिंग घेतलंस ते लिहिलेलं नाहीस. हे लिहीत जा, तारीख, वेळ, तापमान, प्रत्येक वेळी.

तिसरी गोष्ट, पॅच स्वतः ठीक आहे का? ह्याला एक छान युक्ती आहे. तुझ्या मोजणीत दोन भाग निघतात, कंडक्टन्स आणि ससेप्टन्स. पहिला बीमबद्दल जास्त बोलतो, दुसरा पॅचबद्दल. ससेप्टन्सची रेघ फ्रिक्वेन्सीबरोबर सरळ चढत जाते. तिचा चढ आधीपेक्षा वाढला तर पॅच सुटायला लागलाय, चढ कमी झाला तर पॅच तडकलाय. मुलं नेहमी कंडक्टन्सचे सुंदर शेंडे रिपोर्टात छापतात आणि दुसरी कंटाळवाणी रेघ फेकून देतात, आणि मग महिनाभर सुटलेल्या पॅचला बीमचं डॅमेज समजत बसतात.

मी स्वतः काय केलं होतं ते पण सांगतो म्हणजे तुला बरं वाटेल. सुरुवातीच्या दिवसांत पॅचला वायर सोल्डर करताना डाग नीट बसेना म्हणून सोल्डरगन चांगली दहा-बारा सेकंद टेकवून ठेवली. डाग झकास बसला, चकचकीत. ग्राफ घेतला तर सपाट, एक शेंडा नाही, नुसता कपॅसिटर. पीझेडटीची एक मर्यादा असते, क्युरी तापमान म्हणतात (होय, तेच क्युरी), काही प्रकारांत ते २०० डिग्रीच्या आसपासच असतं, काहींत ३५० च्या जवळ, आणि त्याच्या निम्म्यावर गेलं तरी काळजी घ्यावी लागते. तापवला की आतली सगळी रचना विस्कटते आणि पॅच मुका होतो, दिसायला अगदी पहिल्यासारखाच. मी त्या मुक्या पॅचवर दोन दिवस डोकं खाजवत बसलो होतो. तेव्हा टेकव, एक-दोन सेकंद, उचल. नाही बसला तर गार होऊ दे आणि परत.

आता मशीनचंही सांगून टाकतो. इम्पीडन्स अॅनालायझर लाखांत जातो, कॉलेजकडे नसेल तर एडी ५९३३ नावाची चिप असते, तिचा तयार बोर्ड परवडतो, पण ती १०० किलोहर्ट्झपर्यंतच जाते. प्रोजेक्टला पुरेल. १०० च्या वरचं मिळालं नाही म्हणून रडत बसू नकोस, ६० ते १०० मध्ये पण भरपूर शेंडे मिळतील. आणि बीमच्या एका टोकाला एकच पॅच लावून दुसऱ्या टोकाच्या क्रॅकची अपेक्षा ठेवू नकोस. महाडच्या उत्तरात म्हटलं तसं, काँक्रीटमध्ये पॅचचा कान फार लांबचं ऐकत नाही. साध्या लोखंडी पट्टीत दोन मीटरपर्यंत ऐकेल, काँक्रीटमध्ये अर्ध्या मीटरचाच हिशेब धर.

प्रश्न : पुलाच्या लोड टेस्टला ट्रक उभे करतात. पिएझो लावला तर ट्रकचं वजन थेट कळेल ना? (निवृत्त सुपरवायझर, पिंपरी)

नाही कळणार. ट्रक आला तेव्हा कळेल, गेला तेव्हा कळेल, उभा असताना नाही. दाबल्यावर पॅचवर चार्ज येतो खरा, पण तो मोजणाऱ्या मीटरमधूनच गळून जातो. आपला दहा मिलिमीटरचा पॅच साधारण ५ नॅनोफॅरडचा असतो, त्याला १० मेगाओहमचा मीटर लावलात तर चार्ज गळायचा वेळ, म्हणजे ह्या दोन आकड्यांचा गुणाकार, येतो ०.०५ सेकंद. म्हणजे डोळ्याची पापणी लवेपर्यंत चार्ज गायब. चांगला चार्ज अॅम्प्लिफायर लावून ते लांबवता येतं, पण लोड टेस्टमध्ये ट्रक उभे ठेवतात २४ तास, तेवढं नाही. तिथं वाक आणि ताण मोजणारी डायल गेज, स्ट्रेन गेज, व्हायब्रेटिंग वायर ही जुनी मंडळीच बरी. तुम्ही कारखान्यात मशीनच्या बेअरिंगवर पिएझोचे अॅक्सेलरोमीटर, म्हणजे थरथर मोजणारे सेन्सर, लावले असतीलच, ते चालतात कारण बेअरिंग सतत हलतंय. न हलणाऱ्या गोष्टीपुढं पिएझो आंधळा.

प्रश्न : मी एडिनबराला असते. इथल्या फोर्थ रोड ब्रिजच्या केबलला 'कान' लावलेत असं ऑफिसमधल्या एकानं सांगितलं. हे तुम्ही म्हणताय तेच का? (वाचक, स्कॉटलंड)

भाऊबंदच, पण रीत वेगळी. वरच्या कराडच्या बीममध्ये पॅच स्वतः टिचकी मारतो, इथं तो गप्प बसून ऐकतो. १९६४ सालचा तुमचा तो झुलता पूल, त्याच्या प्रत्येक मोठ्या केबलमध्ये पेन्सिलीपेक्षा बारीक अशा अकरा हजारांहून जास्त तारा आहेत. २००४ च्या सुमारास केबल उघडून बघितली तर आत गंज, काही तारा तुटलेल्या, ताकद ८ ते १० टक्के गेलेली. आता तार तुटते तेव्हा आतल्या आत, वरून काही दिसत नाही, पण ती तुटताना ताण एकदम सुटतो आणि 'टण्ण' असा धक्का लोखंडातून पळत जातो. तो ऐकायला केबलभर सेन्सर लावले.

कुठं तुटली हे कसं कळतं? लोखंडात आवाज सेकंदाला साधारण ५ किलोमीटर जातो. समजा दोन सेन्सर ५० मीटर अंतरावर आहेत आणि एकाला टण्ण दुसऱ्यापेक्षा २ मिलिसेकंद आधी ऐकू आला, तर वाटेत १० मीटरचा फरक, म्हणजे तार आधी ऐकणाऱ्यापासून २० मीटरवर आणि दुसऱ्यापासून ३० मीटरवर तुटली. शाळेतलं गणित. कान लावणं हा काही उपचार नव्हता हं, गंज थांबावा म्हणून केबलच्या आत कोरडी हवा खेळवायला लागले, आणि ह्या कानांनी बघायचं होतं की तारा तुटायच्या थांबल्या का.

पण ह्या पुलाची पुढची गोष्ट मला जास्त आवडते. डिसेंबर २०१५ मध्ये पूल अचानक बंद करावा लागला, ऐन नाताळाच्या तोंडावर, तुम्ही तेव्हा तिथं असाल तर त्या ट्रॅफिकमध्ये अडकला असाल. क्रॅक सापडली होती, पण केबलमध्ये नाही, टॉवरजवळ रस्त्याच्या खालच्या सांगाड्यात. ती माणसांनी जाऊन बघितली तेव्हा सापडली. कान केबलला लावलेले, दुखलं पायाला. कान वाईट नव्हते, त्यांना विचारलेला प्रश्नच वेगळा होता.

ह्यावरून आठवलं, अमेरिकेत मिनियापोलिसला २००७ मध्ये पूल पडला, १३ माणसं गेली. मूळ कारण सांध्यांच्या पट्ट्या डिझाइनमध्येच पातळ ठेवलेल्या, ते ४० वर्षं कोणाच्या लक्षात नाही आलं. त्या जागी २००८ मध्ये नवा पूल बांधला त्यात ३०० च्या वर सेन्सर घातले, आणि घातले बांधतानाच, पहिल्या दिवसापासून. मुलुंडच्या सेक्रेटरींनी हे वाचावं, सेन्सर घालायची वेळ ती असते, पूल निरोगी असताना.

प्रश्न : काका, पुलावरून एवढ्या गाड्या जातात, मग पुलाखाली पिएझो घालून आमच्या गावाला वीज का देत नाहीत? आणि हे घरी करून बघता येईल का? (इयत्ता नववी, रत्नागिरी)

देता येते, पण फार थोडी. टोकियो स्टेशनवर तिकिटाच्या गेटपाशी जमिनीखाली पिएझो घालून प्रवाशांच्या पायांनी वीज काढून बघितली होती, स्टेशनचे दिवे काही त्यावर चालले नाहीत. पॅचमधून निघते ती मायक्रोवॉट, फार तर मिलिवॉटमध्ये, आणि तुझ्या घरातला एक एलईडी बल्बच ९ वॉटचा. गावाला नाही, पण स्वतःच्या सेन्सरला पुरेल एवढी मिळू शकते, म्हणजे पुलाच्या अडचणीच्या जागी चढून सेल बदलायचा त्रास वाचेल. खटपट त्यासाठी चालू आहे.

घरी करायचं तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जाऊन 'बझरची चकती' माग, पितळी, रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, मध्ये पांढरा गोल. थोड्या पैशात मिळते. तिच्या दोन वायरी एका लाल एलईडीच्या दोन पायांना जोड, अंधाऱ्या खोलीत जा आणि चकतीवर पेनाच्या मागच्या टोकानं टकटक कर. एलईडी क्षणभर चमकेल, नाही चमकला तर वायरी उलट्या जोड. नुसता दाबून धर, चमकणार नाही, पिंपरीच्या काकांना जे सांगितलं ते तुला तिथंच दिसेल.

मग दुसरं. जुन्या रेडिओचा किंवा कॉम्प्युटरचा छोटा स्पीकर असेल ज्याला बाहेरून वायर घालता येते, त्याला चकती जोड (मोठ्यांना बरोबर घे, आणि प्लगमधल्या विजेच्या वायरींना हात लावायचा नाही). चकती घरातल्या फरशीला सेलोटेपनं घट्ट चिकटव आणि शेजारच्या फरशांवर एकाच नाण्यानं, एकाच जोरानं टिचक्या मार. एखादी फरशी खालून पोकळ असेल तर तिचा आवाज बोदा येईल. गवंडी काका हे नुसत्या कानानं ओळखतात, तू स्पीकरवर ऐक. कुठली फरशी कशी वाजली ते वहीत नकाशा काढून लिहून ठेव, तारीख टाक, आणि पावसाळा संपला की त्याच फरशांवर त्याच नाण्यानं परत वाजवून बघ. दोन्ही नकाशे मला पाठव, पोस्टानं पाठवलेस तरी चालेल.